माळ्याखालची तांबी

भात पिवळं पडायला लागलं की माझी झोप बिघडते. मी राहतो त्या उरणच्या बाजूला आता भात औषधालाही उरलेलं नाही. खाडी बुजवून केलेल्या जमिनीवर आमची सोसायटी उभी आहे आणि खिडकीतून दिसतात त्या न्हावा शेव्याच्या क्रेन. तरीही ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी हवेतला ओलसरपणा एकदम कमी होतो, ऊन टोचायला लागतं, आणि मला कळतं की तिकडे गावी, बोर्ली पंचतनच्या आत डोंगराकडे, आमच्या खालच्या शेतातल्या लोंब्या वाकल्या असणार. अशा वेळी माणसाला बरं वाटायला हवं. मला आधी आठवते ती आमची कुत्री, तांबी, आणि मग दिवसभर कुणी काही विचारलं की मी त्याच्यावर खेकसतो. बायको म्हणते, "आला वाटतं तुमचा सीझन." ती चेष्टेने म्हणते, पण त्या दिवसांत चहा जरा लवकर पुढे करते.

कंटेनरची कागदपत्रं करून देणाऱ्या एका लहानशा कचेरीत मी कामाला आहे. खिडकीखाली ट्रेलर उभे असतात आणि त्यांच्या सावलीत चारपाच कुत्री पसरलेली असतात. क्रेनने वीस फुटी डबा ट्रेलरवर ठेवला की असा दणका बसतो की आमच्या टेबलावरचा स्टेपलर हलतो. कुत्री मात्र डोळासुद्धा उघडत नाहीत. फार तर एखादी कूस बदलते. मी बरीच वर्षं समजत होतो की ही कुत्री बहिरी झाली असावीत. मग एकदा रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी वरातीत एक सुतळी बॉम्ब फुटला. कंटेनरच्या मानाने तो आवाज काहीच नव्हता. पण पाचही कुत्री उठली आणि पाच दिशांना अशी पळाली की एक थेट येणाऱ्या ट्रेलरपुढे गेली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हा मला उमगलं की प्रश्न नुसता आवाज मोठा असण्याचा नाही. डबा खाली येतो तेव्हा आधी क्रेन कुरकुरते, साखळ्या वाजतात, माणसं ओरडतात. काय होणार ते कुत्र्याला ठाऊक असतं. बॉम्ब काहीच सांगून येत नाही. निदान तेव्हा माझी तशी समजूत झाली होती.

आमच्या शेजारच्या गावात हळदी असतात. इकडच्या हळदीचा डीजे ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. छातीच्या पिंजऱ्यात कुणी तरी आतून बुक्क्या मारल्यासारखं होतं. त्या संध्याकाळी आमच्या वॉचमनची पांढरी कुत्री पार्किंगमध्ये नेहमी एकाच गाडीच्या मागच्या चाकाला पाठ लावून बसते. गाडी माझीच आहे. बाहेर जायचं असलं तरी मी ती काढत नाही. रिक्षा बघतो. सोसायटीतल्या लोकांना वाटतं, मी फार प्राणिप्रेमी आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही, आणि ते मला फारसं बरंही वाटत नाही.

तांबी बाबांची. बोर्लीच्या बाजारातून परत येताना पिशवीतल्या सुक्या बोंबलांच्या वासाने मागे लागली आणि घरापर्यंत आली, एवढाच तिचा इतिहास. तांबूस रंग, डावा कान अर्धा मोडलेला. आई म्हणायची, "ही कुत्री हाय का सून हाय? सासऱ्याच्या पानाशी बसतंय." आमच्याकडे भात तयार झालं की डोंगरातून रानडुकरं उतरतात. एक कळप आला तर सकाळपर्यंत अर्धं शेत नुसतं लोळवून टाकतो. खातात थोडं, तुडवतात फार. म्हणून शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, वर पेंढा, आणि कापणी होईपर्यंत तिथे राखण करायची. बाबा अंधार पडायच्या आत कांबळं आणि पत्र्याचा डबा घेऊन निघायचे, तांबी पुढे. ते माळ्यावर, ती खाली. बाबांनी तिला कधी बांधलं नाही. डुकराची चाहूल तिला बाबांच्या कितीतरी आधी लागायची. ती भुंकायची, बाबा डबा बडवायचे, आणि डुकरं परत फिरायची. एकदा एका सुळेवाल्याने तिची मांडी फाडली. आईने हळद दाबून फडकं बांधलं, तर चौथ्या दिवशी बाई लंगडत पुन्हा माळ्याखाली हजर. भीती म्हणून काही तिला ठाऊकच नव्हती, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर बाबा बांधावरून घसरले आणि त्यांच्या पायाला प्लास्टर बसलं. कापणी आठ दिवसांवर. मी कचेरीत रजेचा अर्ज टाकला. राखणीचं काय, या काळजीत चहाच्या टपरीवर उभा होतो, तर पेणकडचा माझा एक जोडीदार हसायला लागला. "आरं, रातभर जागतंस कशाला? काथ्याचा जुना सुंभ घे, इतभर इतभर अंतरावं येकेक सुतळी बॉम्ब बांद, शेंडा पेटव नि जा घरी. सुंभ आपला सावकाश धुमसतंय. वात आली का, ढाम! डुकराच्या बापाला वाटंल, मानूस बसलाय."

मला ती युक्ती भारी आवडली. शिकलेल्या मुलाने घरी जाऊन म्हाताऱ्या बापाला काही तरी नवं दाखवावं, अशी हौस प्रत्येकालाच असते. मी सुतळी बॉम्बची दोन खोकी बॅगेत कपड्यांच्या तळाशी घातली आणि आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत ती बॅग मांडीवर घेऊन बसलो. वारा छान होता. बोटीचा भोंगा झाला तेव्हा एका बाईच्या कडेवरचं पोर दचकलं आणि मी त्याला हसवलं. त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

घरी अंगणात बसून मी सुंभाला बॉम्ब बांधले. तांबी शेजारी बसून प्रत्येक गाठ हुंगत होती, आणि मी तिला लाडाने म्हणालो, "बघ, तुझं काम हलकं करतोय." दिवस कलल्यावर मी तिला घेऊन शेतात गेलो. सुंभ माळ्याच्या आढ्याला टांगला. निघालो तर ती माझ्या मागोमाग. साहजिकच होतं, माळ्यावर माणूस नाही तर ती तिथे कशाला थांबेल? पण राखणीला कुत्रं तर हवंच. आमच्याकडे शेत राखायला कुत्रं ठेवतात ही इतकी सवयीची गोष्ट आहे की त्यापुढे माझं डोकं चाललंच नाही. बॉम्बही राखणीला, कुत्रीही राखणीला, दोन असले तर एकापेक्षा बरंच. मी गोठ्यातली साखळी आणली, तिला माळ्याच्या खांबाला बांधलं आणि सुंभाचा खालचा शेंडा पेटवून घरी आलो.

बाबा खाटेवर होते. म्हणाले, "तांबी ऱ्हायली तिकडं?"

"राहिली ना."

"मोकळी हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं, याचा मी या चार वर्षांत पुष्कळ विचार केला आहे. खोटं बोलायचा असा काही बेत नव्हता. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला उगाच कशाला त्रास, एवढंच. म्हणजे निदान मी स्वतःला तसं सांगितलं. अंथरुणावर पडल्यावर पहिला आवाज आला. लांबून, दबका. आई म्हणाली, "झ्याक केलास बाबा." पुढे थोड्या थोड्या वेळाने आवाज येत राहिले आणि प्रत्येक आवाजागणिक मला जास्त निवांत वाटत गेलं. शेत राखलं जात होतं. इतकी गाढ झोप मला गावी कधी लागली नव्हती.

सकाळी गेलो. शेत शाबूत होतं. तांबी खांबाला लगटून पडली होती, भाकरी टाकली तर तिने नुसतं पाहिलं. खांबाच्या बुडाशी माती बरीच उकरलेली होती. मी ती पाहिली. इथे थांबून हे कबूल करायला हवं, कारण पुढे मी लोकांना सांगताना हा भाग नेहमी गाळतो: मी माती पाहिली, तिच्या गळ्याभोवतीचे केस ओले झालेले पाहिले, आणि मला कळलं. पुरतं कळलं नसेल, पण पुरेसं कळलं. तरी मी साखळी सोडली नाही, आणि संध्याकाळी दुसरा सुंभ टांगला. आदल्या रात्री डुकरं आली नव्हती ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी खांबाखाली हातभर खोल खड्डा होता आणि ती त्यात बसली होती. साखळीच्या कड्या लाल झाल्या होत्या. तिचा पुढचा एक दात तुटून मातीत पडला होता. मी साखळी सोडायला हात पुढे केला तेव्हा ती चावली नाही. चावली असती तर बरं झालं असतं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. साखळी सुटताच ती उठली आणि घराकडे न जाता डोंगराच्या बाजूला निघून गेली. मी हाका मारल्या. मोडका कान हललासुद्धा नाही.

ती दोन दिवसांनी सापडली, बोर्लीच्या रस्त्याखालच्या मोरीत. पाईपच्या मधोमध अंधारात दोन डोळे दिसत होते. मी वाकून बोलावलं तर डोळे आणखी आत गेले. शेवटी बाबांना टेम्पोत बसवून आणलं. प्लास्टरचा पाय समोर पसरून ते मोरीच्या तोंडाशी बसले आणि बोलत राहिले. तिला बोलावत नव्हते, नुसतं बोलत होते. भात कसं झालंय, आईने कुठलं कालवण केलंय, पाय किती खाजतोय. दुपार टळली तेव्हा ती सरपटत बाहेर आली आणि त्यांच्या मांडीखाली डोकं घालून थरथरत राहिली. बाबांनी तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं. साखळीने सोलवटलेली कातडी त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बांधली हुतीस?"

मी मान डोलावली. तिथे त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

घरी आल्यावर ती खायला लागली. गळा भरत आला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, विसरेल हळूहळू. पण संध्याकाळ झाली की काही तरी व्हायचं. उजेड असायचा, कुठे फटाका नाही, आवाज नाही, आणि तांबी एकाएकी उठून ताठ व्हायची. मग थरथर, मग लाळ, मग जिथे फट दिसेल तिथे घुसायची. एकदा कणगीमागे अशी अडकली की कणगी सरकवावी लागली. आई म्हणाली, हिला बाहेरचं काही लागलं. मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झाला. बाबा तीन संध्याकाळी तिच्याकडे बघत राहिले. चौथ्या संध्याकाळी त्यांनी नाक वर केलं, वास घेतला आणि आईला हाक मारली.

"न्हाणीत काय घातलंस?"

"घालनार काय? सोडनं."

नारळाची सोडणं. आमच्याकडे आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापतं आणि गोठ्यात डासांना धूरही त्याचाच. सुंभही त्याच सोडणांच्या काथ्याचा. माळ्याखाली बांधलेल्या तांबीला बॉम्ब केव्हा फुटणार ते कळत नव्हतं, पण धूर सतत होता. म्हणजे बॉम्ब काहीच सांगून येत नाही ही माझी समजूत साफ चुकीची. सुंभाने तिला दोन रात्री अखंड सांगितलं, येतोय, येतोय, येतोय. बंदराच्या कुत्र्यांना आधी कळतं म्हणून ती निर्धास्त झोपतात, आणि हिला आधी कळत होतं तेच हिला पुरून उरलं. त्यांना उठून बाजूला होता येतं आणि हिला येत नव्हतं, एवढाच काय तो फरक होता, आणि तो साखळीचा होता.

बाबांनी त्या दिवसापासून घरात सोडण पेटवू दिलं नाही. आई तणतणली. "कुत्रीपायी आता मी ग्यासवर पानी तापवू? आन् गुरांना डास फोडतील त्याचा काय?" गुरांना शेवटी मच्छरदाणीचं कापड लावलं, त्यावरून अख्ख्या वाडीने आमची टिंगल केली. तशीच धुमसणाऱ्या उदबत्तीवर मात्र आई अडून बसली. देवापुढे तडजोड नाही म्हणाली. आठ दिवस उदबत्ती लावली, आठ दिवस तांबी कणगीमागे गेली, नवव्या दिवशी आईने नुसतं निरांजन लावलं. आजही आमच्या देव्हाऱ्यात उदबत्ती नसते. बाहेरून आलेला माणूस विचारतो, आणि आई माझ्याकडे बघून म्हणते, "ह्याला इचारा."

मी जेव्हा जेव्हा गावी गेलो तेव्हा तांबी उठून दुसऱ्या खोलीत गेली. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. मी बोंबील आणले, मटणाची हाडं आणली, एकदा पनवेलहून महागाची बिस्किटं आणली. मी उठून गेल्यावर ती खायची. पन्नाशीचा माणूस एका कुत्रीपुढे बशी ठेवून दाराआड उभा राहतो, हे दृश्य हसण्यासारखं आहे हे मला कळतं. पण तिने एकदा, फक्त एकदा मला हात लावू द्यावा, याखेरीज या चार वर्षांत मला त्या घराकडून दुसरं काही नको होतं. बाबांची माफी मागायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला.

या दिवाळीलाही गेलो. कापणी अर्धी झाली होती. बाबा आता माळ्यावर जात नाहीत, तांबीही नाही. शेजाऱ्यांनी कुंपणाला झटका देणारी बॅटरीची तार लावली आहे, आम्हीही तीच लावली. गेल्या पावसाळ्यापासून बाबांना अजिबात ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं ते डब्यात असतं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून ओठ मोठे हलवायचे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुंबईहून आलेल्या मंडळींनी वाडीच्या रस्त्यावर फटाक्यांच्या माळा लावल्या. आम्ही बाबांना आणि तांबीला आधीच मागच्या खोलीत बसवलं होतं, खिडक्या लावून, फटींत गोधड्या कोंबून. मी फराळाची ताटली घेऊन आत गेलो. बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, तांबी त्यांच्या मांडीला चिकटून, आणि त्यांचा तळहात तिच्या बरगड्यांवर सपाट ठेवलेला. मी दारातच थांबलो. मला वाटलं, ती आता उठून जाईल. पण त्या खोलीला दुसरं दार नव्हतं.

बाहेर एक बॉम्ब फुटला. "फुटला," बाबा म्हणाले. मी चमकलो. त्यांना ऐकू आलं?

थोड्या वेळाने, "ह्यो लांबचा व्हता." खरंच लांबचा होता. मग एकदम, "माळ लावली वाटतं." माळच लागली होती. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. गावातली दिवाळी ते तिच्या बरगड्यांवरून वाचत होते.

काही वेळाने त्यांना लघवीला उठावं लागलं. एका हाताने भिंतीचा आधार घेतला, दुसरा तिच्या अंगावरून निघेना. मला म्हणाले, "हिकडं ये. हात ठेव."

मी ओठ हलवून म्हटलं, ती मला ठेवू देणार नाही.

"ठेव म्हनतंय ना."

मी बसलो. हात पुढे केला तेव्हा तिने डोळे मिटले, त्या सकाळी खांबापाशी मिटले होते तसेच. पण जागची हलली नाही. बाबांनी आपला तळहात काढला त्याच जागी मी माझा ठेवला. ऊन ऊन कातडी, तिच्याखाली बरगड्या, त्यांच्याखाली धडधड. ही माफी नव्हती, हे तेव्हाही मला समजत होतं. तिला जायला जागा नव्हती, आणि त्या क्षणी तिच्यावर ठेवलेला कुठलाही हात तिने सोसला असता. मग बाहेर फुटला. आवाज माझ्या कानात यायच्या आधीच, असं मला अजून वाटतं, तिचं सगळं अंग माझ्या हाताखाली एका गाठीसारखं आवळलं. काळीज थांबलं. थांबलंच. आणि मग इतक्या जोरात सुटलं की माझा हात उडाला. मी तो परत ठेवला. दुसरा फुटला. पुन्हा तेच, पहिल्याइतकंच, थोडंसुद्धा कमी नाही. त्या रात्री लांबून आलेल्या दबक्या आवाजांवर मी कूस बदलून झोपलो होतो.

बाबा परत आले तेव्हा मी तसाच बसलो होतो. ते माझ्यासमोर सावकाश खाली बसले. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता आयकलास."